चार रिकामे खण

ग्रंथालयाच्या ताईंचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसला होता.

"दादा, सर्व्हर सुरूच होत नाहीये. नुसता शिट्ट्या मारतोय."

अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं ठेवणारं ते ग्रंथालय. ताई स्वतः जन्मांध, पण कुठलं कपाट कुठे आणि कुठली खुर्ची डुगडुगते, सगळं त्यांना तोंडपाठ. तिथली यंत्रं तो नऊ वर्षं सांभाळत होता आणि त्याची बायको तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होती. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तिच्या आवाजातली बासष्ट पुस्तकं पूर्ण होती, त्रेसष्टावं अर्धवट. त्यांतलं एकही त्याने अजून ऐकलं नव्हतं. धीरच होत नव्हता.

दुसरी प्रत कुठेही नव्हती. "एकदा सगळं उतरवून ठेवा हो," असं ताई दर महिन्याला म्हणायच्या आणि तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात नक्की." तिच्या नावाच्या फोल्डरला हात लावायला नको म्हणून तो चालढकल करत होता, हे त्याने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

तो ग्रंथालयात पोहोचला तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. सुरू होण्यासाठी डिस्क सापडली नाही. पेटीत ओळीने चार खण, प्रत्येकात एक डिस्क, चौघींचा मिळून एक संच. एक बिघडली तर उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात. दोन बिघडल्या की खेळ खलास.

"लाल दिवे किती?" ताईंनी विचारलं.

"दोन."

"दिसत नाही तेच बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं," ताई म्हणाल्या.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघावं म्हणून त्याने धूळ झाडली, केबली काढून पुन्हा बसवल्या. चारही डिस्कवर देखरेख करणारं कार्ड बदलून दुसरं घातलं. नव्या कार्डाला डिस्क दिसल्या, पण परक्या म्हणून. या माझ्या नव्हेत, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. दुसरी डिस्क कानाशी धरली तर आत नखाने टकटक केल्यासारखा आवाज. चौथी फिरतच नव्हती. त्याने ती हाताने हलवली, उबेला धरली, शेवटी तिला हळूच "चल ना ग" असंही म्हणाला.

तीनच्या सुमाराला त्याने हात टेकले. चारही डिस्क बाहेर काढून टेबलावर पंचावर ओळीने ठेवल्या.

"गेलं, ताई. सगळं."

"वहिनींचंही?"

तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"ती एकदा गेली, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं," तो म्हणाला. "या वेळी मीच घालवली."

खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग सर्व्हरने एक छोटीशी शिट्टी मारली.

पंख्याचा आवाज बदलला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि रोजच्यासारखी पुस्तकांची यादी उघडली. त्याने उठून चारही खणांत बोटं घालून पाहिली. रिकामे. चारही डिस्क पंचावर होत्या.

यादीतल्या शेवटच्या नावावर त्याने बोट दाबलं.

तिचा आवाज आला. तोच जरासा घोगरा, वाक्याच्या शेवटी किंचित चढणारा. त्याच्या डोळ्यांना धार लागली. तशाच भरल्या डोळ्यांनी त्याने पेन ड्राइव्ह लावला, फाईल उतरवली, उघडून पाहिली. आत काही नव्हतं. पुन्हा उतरवली. काही नाही. आवाज वाचत होता, पण उतरत नव्हता.

"दादा," ताई सावकाश म्हणाल्या, "हे त्यांनी बाराव्या प्रकरणात सोडलं होतं. खोकला थांबेना म्हणून घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत."

"मग?"

"हे एकविसावं चाललंय."

तो खुर्ची ओढून स्पीकरशी बसला. कितवंही असो. ऐकत राहिला.

वीसेक मिनिटांनी ताईंनी चाचपडत त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"बंद करा ते."

"का? तिचाच आहे की."

"त्यांचाच आहे. पण मघापासून त्यांनी एकदाही श्वास घेतला नाहीये."

त्याने कान दिला. वाक्यामागून वाक्य येत होतं. स्वल्पविराम होते, पूर्णविराम होते.

श्वास नव्हता.

बटणापाशी नेलेला हात त्याने दोनदा मागे घेतला. मग डोळे मिटून भिंतीतली वायरच उपटली.

दिवे विझले. पंखा थांबला.

"गेला आवाज?" ताईंनी कुजबुजत विचारलं.

"गेला."

तेवढ्यात त्या बंद स्पीकरमधून, खूप वेळ दम धरून ठेवलेल्या माणसाने घ्यावा तसा, एक लांबलचक श्वास आत ओढला गेला.

तो श्वास बाहेर सोडल्याचं ऐकू यावं म्हणून दोघं तशीच बसून राहिली.