दरडीच्या मातीतले फोटो

चारुशीलाच्या फोनवर चौथा फोटो आला. काल दुपारी नाहीशा झालेल्या यंत्रातूनच तो आला होता; काल काढलेला, नेटवर्क मिळाल्यावर आज सकाळी पोचलेला.

यंत्र तिनेच घडवलेलं. कपाळाला पट्ट्याने बांधायचा, अंगठ्याएवढा सूक्ष्मदर्शक, दिसेल त्याचे फोटो आपोआप फोनवर धाडणारा. आरोग्यसेविकांना वाडीवस्तीवर हात मोकळे ठेवून पाणी, रक्त तपासता यावं म्हणून. असं यंत्र एकच होतं आणि उद्या महाडला डॉक्टरांपुढे त्याची चाचणी होती.

चारही फोटोंत माती होती. लाल, ओली माती. एकात बांगडीची हिरवी काच.

"कुणाच्या घरातली बांगडी ही?" सहकारी सुशांत पुटपुटला.

"तू घेतलंस का यंत्र?"

"मी?"

"तू नोकरी सोडतोयस. दुसऱ्या कंपनीत चाललायस."

तो म्हणाला, "दोन वर्षं बरोबर काम केलं, त्याचं हे?"

वरंध गावात ते राहीबाईंच्या घरी उतरले होते. ओसरीवर राहीबाई मान वाकडी करून तांदूळ निवडत होत्या.

"काल दुपारी खोलीत कोण आलं होतं, राहीबाई?"

"काय म्हायती, ताई. दुपारी मी घरात नसते."

"कुठे जाता?"

"रानात." त्यांनी तांदळातला खडा वेचून अंगणात टाकला.

चारुशीलाने फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. प्रत्येकाच्या कडेला तेच पांढरे दाणे होते. कोपऱ्यात, बघणाऱ्याने भिंग कोणत्या डोळ्यापुढे धरलं ते यंत्राने नोंदलेलं: डावा डोळा.

दुपारी राहीबाई निघाल्या, तशी तिने सुशांतला हाक मारली.

"मला माफ कर," राहीबाईंच्या मागून चढण चढताना ती म्हणाली. "तू नाहीस. फोटोतली माती बदलली तरी ते पांढरे दाणे जागेवरून हलत नाहीत, म्हणजे ते यंत्राच्या भिंगाला चिकटलेत. तांदळाचं पीठ आहे ते. भाकरी थापणाऱ्या हाताचं. आणि आपण दोघं उजव्या डोळ्याने बघतो. राहीबाई तांदूळ निवडताना मान वाकडी का करतात? त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही."

"पण माती का बघायची?"

उत्तर समोरच होतं. दरडीखाली गेलेल्या वाडीच्या जागी, झुडपांमध्ये, राहीबाई बसल्या होत्या. कपाळाला पट्टा. मांडीवर सुपात माती. भोवती इतकं शांत होतं की चिमटीतून गळणारी माती ऐकू येत होती.

राहीबाई दचकल्या नाहीत.

"माजी लेक तेजश्री इथंच गेली. सगळी गावली, तीच नाय गावली. तुमी म्हणालात, यातून डोळ्याला न दिसणारं दिसतं." त्यांनी पट्टा सोडून पुढे केला. "बघा ना ताई. ह्यो केस तिचा हाय ना?"

चारुशीलाने पाहिलं. केसाच्या आतली पोकळी रुंद होती. माणसाच्या केसात ती अशी नसते. हो म्हणणं सोपं होतं.

"बकरीचा आहे, राहीबाई."

राहीबाईंनी केस पुन्हा चिमटीत घेतला.

"काळी बकरी होती आमची," त्या म्हणाल्या. "पोर तिला कुशीत घेऊन निजायची."

आणि तो केस त्यांनी पदराच्या टोकाला बांधून घेतला.