कोरी बाटली

नदीचं पाणी तपासायचं म्हणजे बाटली बुडवायची आणि झाकण लावायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या नदीकाठी दिवसभर हिंडून बघावं. पाणी कुठं घ्यायचं, किती वाजता घ्यायचं, काठाला की मध्ये, ओढा मिळतो त्याच्या वर की खाली, हे ठरवण्यातच जीव मेटाकुटीला येतो. एकदा नकाशावर टिंब पडलं की वर्षानुवर्षं तिथलंच पाणी तपासलं जातं. जिथं टिंब पडलं नाही, तिथं नदीत विष कालवलं तरी कागदाला त्याची खबर नसते.

संयोगिता असले नकाशे करायची. शिवाजी पेठेत घर, पाण्याच्या कामात बारा वर्षांची नोकरी, आणि कामाला चोख म्हणून नाव. सरवती नदीच्या खोऱ्याचा नवा आराखडा तिच्याकडं आला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. सरवती तशी लहान नदी. गगनबावड्याच्या अंगाला डोंगरात उगवते आणि वीस-बावीस गावांना पाणी पाजून पुढं मोठ्या नदीत नाहीशी होते. संयोगितानं नकाशावर सहा टिंबं दिली होती. डिसेंबरातल्या त्या सकाळी ती जागा डोळ्यांनी बघायला आणि पहिल्या खेपेचं पाणी घ्यायला निघाली होती.

सहा टिंबांत नावलीवाडीचा डोह नव्हता. का नव्हता, ते तिला एकटीला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी नावलीवाडीत केरबा नावाचा गडी होता. पंचायतीच्या वतीनं दर महिन्याला नदीचं पाणी बाटलीत भरून पाठवायचं काम त्याच्याकडं. वळणदार अक्षर, कामाला नेकीचा. दिवाळीनंतर बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लोखंडी बरगे घालून पाणी अडवलं, की डोहाचं पाणी काळपट पडतंय, साखर कारखान्याच्या मळीसारखा वास येतोय, असं त्यानं संयोगिताला तीनदा फोन करून सांगितलं. गाव तेच पाणी पीत होतं. पोरांना कावीळ झाली होती. त्यानं बाटलीही पाठवली, पण ती काठावरून भरलेली.

"काठाचं पाणी चालत नाही, केरबा. मधल्या धारेचं पाहिजे. नियम आहे," संयोगिता फोनवर म्हणाली होती.

"मदी लई खोल हाय, म्याडम. नाव न्हाय आमच्यात."

"मग नोंद होणार नाही."

दुसऱ्या दिवशी केरबा ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन डोहात उतरला. ट्यूब त्याच दिवशी बंधाऱ्याला लागली. तो तिसऱ्या दिवशी सापडला. हातात बाटली होती आणि तिचं झाकण घट्ट लावलेलं होतं, असं म्हणतात. काम सोडून मासे धरायला गेला आणि बुडाला, असं कागदावर आलं. तो फोन कुणालाच ठाऊक नव्हता. संयोगितानं तोंड उघडलं नाही. पहिल्या आठवड्यात धीर झाला नाही, आणि पुढं पुढं ते सांगायची वेळच निघून गेली असं तिनं स्वतःला समजावलं. मेलेल्या माणसाच्या माथी मासे बसले ते बसलेच.

पाचव्या टिंबाला नावलीवाडीवरूनच जावं लागायचं. गाडी बंधाऱ्यापाशी थांबली तेव्हा पावणेसात झाले होते आणि धुकं असं दाटलं होतं की पलीकडचा काठ दिसेना. वाट दाखवायला हंबीरराव आले होते. बंधाऱ्याचे बरगे घालायचं-काढायचं काम त्यांचं, वय साठीच्या पुढं, आवाज एरवी दोन शेतं ओलांडून जाणारा. आज ते हळू बोलत होते.

"म्याडम, धोंडुबाईनं सांगावा धाडलाय. केरबाची आई. बाटल्या घिऊन जावा म्हणत्या."

"कसल्या बाटल्या?"

"तुमीच बघा जाऊन," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी डोहाकडं पाठ फिरवली.

संयोगितानं बर्फाची पेटी खांद्याला लावली. आत भरलेल्या चार बाटल्या होत्या, पुढच्या दोन जागांसाठी दोन रिकाम्या, आणि एक कोरी. कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतच शुद्ध पाणी भरून सील केलेली. ती नदीवर न्यायची, उघडायची नाही, तशीच परत आणायची. परत आल्यावरही ती शुद्धच निघाली, की समजायचं, वाटेत बाहेरचं काही आपल्याबरोबर आलेलं नाही. ती बिघडलेली निघाली तर सगळी खेप बाद.

धोंडुबाईचं घर बंधाऱ्यापलीकडं, डोहाच्या वर, वीस-पंचवीस पावलांवर. म्हातारी दारातच बसली होती. कमरेतून मोडलेली, दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पाय पडला नव्हता, शेजारीण भाकरी आणून द्यायची.

"या. बसा की. मी काय उठत न्हाय," ती म्हणाली. "ती बगा फळी."

भिंतीला लाकडी फळी होती. तिच्यावर बाटल्या ओळीनं मांडलेल्या. कार्यालयाच्याच बाटल्या, केरबाला वर्षाच्या सुरुवातीला खोकं भरून दिलेल्या. संयोगितानं मोजल्या. चोवीस होत्या, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. डावीकडून बघत गेलं की पाणी काळपट होतं, मग निवळत जात होतं, पावसाळ्यात गढूळ, आणि दिवाळीनंतर पुन्हा गडद होत कोऱ्या चहाच्या रंगाला येत होतं. पुन्हा निवळत होतं, पुन्हा गडद होत होतं. दोन वर्षांची नदी त्या फळीवर ओळीत उभी होती. संयोगितानं बारा वर्षांत इतकी नेटकी नोंद पाहिली नव्हती.

तिनं जवळ जाऊन पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. केरबा बुडाला त्याच्या पुढच्या महिन्याची तारीख होती. निळी शाई, वळणदार अक्षर. नावलीवाडी डोह. मधल्या धारेतून. वेळ, सकाळी सहा चाळीस. नमुना घेणार, केरबा. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, कार्यालयाच्या कुठल्याच चिठ्ठीवर नसते अशी. कुणाच्या सांगण्यावरून. तिच्यापुढची जागा मोकळी होती.

तिनं दुसरी चिठ्ठी बघितली, दहावी बघितली, चोविसावी बघितली. सगळीकडं ती जागा मोकळीच होती. आणि इथं खरं ते सांगायला पाहिजे, संयोगिताच्या मनात भीतीच्या आधी काय आलं असेल तर ते हायसं वाटणं. आपलं नाव कुठं नाही, हेच तिनं आधी बघितलं.

"मावशी, ह्या कोण भरतं?"

"केरबा भरतोय की."

"केरबा तर..."

"व्हय. ते मला बी ठावं हाय," धोंडुबाई शांतपणे म्हणाली. "मी कुटं जातो नदीला? मला लिवाय तरी येतंय का? म्हैन्यातनं एकदा पाटंचं दार वाजतंय. बाटली फळीवर आस्ती. खाली पानी सांडल्यालं आस्तंय. मी पुसून घेतो बसल्या बसल्या."

घरात मळीचा वास होता. गोडसर, आंबूस, घशात बसणारा. चोविसावी बाटली ज्या जागी ठेवली होती तिथली फळी अजून ओली होती.

"लोकं म्हणत्यात, मासं धराय गेलता," म्हातारी बोलत राहिली. "त्येनं उभ्या जल्मात मासा खाल्ला न्हाय, माळकरी त्यो. मला म्हणाला हुता, म्याडम म्हणत्यात काठाचं चालत न्हाय. कुठल्या म्याडम, कुणाला ठावं. तुमच्या हापिसात आसत्याल तर इचारा त्यास्नी... एवढं लेकाच्या नावावरचं पुसा म्हणावं."

मी ती. दोनच शब्द होते. ते संयोगिताच्या ओठापर्यंत आले आणि तिनं गिळले.

"विचारते," ती म्हणाली.

तिनं चोवीस बाटल्या एका पोत्यात नीट रचल्या. उठताना धोंडुबाईनं तिच्या पेटीकडं बघितलं.

"बाटल्या सरल्या म्हणत हुता. एकादी कोरी आसली तर ठिवून जावा."

"आहे एक... पण ती देता येत नाही, मावशी. नियम आहे."

म्हातारीनं रिकाम्या फळीकडं बघितलं.

"आसू दे," ती म्हणाली. "त्यो बघंल त्येचं."

परतताना बंधाऱ्यावरूनच जावं लागलं. पोतं उचलायला हंबीरराव आले होते; पुढं ते, मागं संयोगिता. एका बाजूला बरग्यांच्या फटींतून पाणी चिळकांड्या मारत होतं. दुसऱ्या बाजूला डोह, आणि तिथं मात्र काही आवाज नव्हता. धुकं पाण्यावर बसलेलं. ती अर्ध्यात आली असेल नसेल, डोहाच्या ऐन मध्यातून आवाज आला.

खळ्ळ.

बाटलीत पाणी घेऊन, हलवून, ओतून दिल्याचा. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. बाटली भरायच्या आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची असते. तिनंच शिकवलं होतं ते, केरबाला आणि त्याच्यासारख्या चाळीस जणांना.

खळ्ळ... खळ्ळ.

मग सगळं गप्प झालं. तोंड बुडवून बाटली भरेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

"चला," हंबीरराव मागं न बघता म्हणाले. "तिकडं बघू नगासा. आमी बी न्हाय बघत..."

तिच्या खांद्याला पेटीचा पट्टा एकदम रुतल्यासारखा झाला. तिनं पावलं उचलली. गाडीत बसेपर्यंत तिनं पेटीकडं बघितलं नाही.

उरलेली दोन टिंबं तिनं कशीबशी उरकली, दुपारी पेटी आणि पोतं कोल्हापुरात प्रयोगशाळेत पोचतं केलं, घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. संध्याकाळी तिनं आराखडा उघडला आणि सातवं टिंब दिलं. नावलीवाडी डोह. पाणी बंधाऱ्यावरून दोरीनं बादली सोडून घ्यावं, कुणीही पाण्यात उतरू नये, असंही लिहिलं. जागा का वाढवली त्या रकान्यात तिनं आधी केरबाचं नाव लिहिलं. मग खोडलं. 'ग्रामस्थांच्या मागणीवरून' असं लिहिलं, आणि केलं की आपण जे करायचं ते, असं म्हणून ती झोपली. झोप लागलीही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला प्रयोगशाळेतून अनेकांतचा फोन आला. पाणी तपासणारा हा मुलखाचा सावध माणूस. शंका आल्याशिवाय फोन करायचा नाही.

"मॅडम, कोरी बाटली तुम्ही नदीवर उघडली होती का?"

"नाही. का?"

"सील तसंच आहे. मीच लावलेलं, माझी सही आहे त्यावर. पण आत..."

"आत काय?"

"चहासारखं पाणी आहे, मॅडम. वास खोलीभर झालाय."

संयोगिता खुर्चीचा हात धरून उभी राहिली. तोच वास आपल्या स्वयंपाकघरातही येतोय, असं तिला वाटलं.

"चिठ्ठी पण माझी नाही," अनेकांत हळू आवाजात म्हणाला. "वाचतो. नावलीवाडी डोह. मधल्या धारेतून. वेळ, सकाळी सात वीस. नमुना घेणार, केरबा. कुणाच्या सांगण्यावरून..." तो थांबला. "इथं तुमचं नाव लिहिलंय, मॅडम. पूर्ण नाव. शाई ओली आहे अजून, माझ्या बोटाला लागली."

सात वीसला ती बंधाऱ्यावर होती.

"कुणीतरी चेष्टा केली असणार," अनेकांत घाईनं म्हणाला. "पण कोरी बाटली बिघडली म्हटल्यावर सगळी खेप बाद होईल. म्हणत असाल तर ही ओतून टाकतो, दुसरी कोरी भरून सील करतो. कुणाला कळायचं नाही."

कुणाला कळायचं नाही. दोन वर्षं ती याच तीन शब्दांवर जगत होती. तिला ती फळी आठवली, चोवीस वेळा मोकळी सोडलेली ती जागा आठवली. चोवीस महिने केरबानं तिला सवड दिली होती.

"ओतू नका," ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "ओतू नका, अनेकांत. नोंद करा. चिठ्ठीवर आहे तशी, अक्षर न अक्षर."

"पण ते सांगण्यावरून..."

"खरं आहे ते. मीच सांगितलं होतं त्याला. काठाचं चालत नाही म्हणून. तो मासे धरायला गेला नव्हता. उद्या मी लिहून देते तसं, आणि त्याच्या आईला जाऊन सांगते." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मग फोनमधून, अनेकांतच्या मागून कुठून तरी, एक आवाज आला. बाटलीत पाणी घेऊन, हलवून, ओतून दिल्याचा.

"तुमच्याबरोबर कोण आहे तिथं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, मॅडम. सगळे गेले. मी एकटाच..." आणि मग, अगदी हळू, "बेसिनचा नळ तर बंद आहे."

पुन्हा तोच आवाज आला. दुसऱ्यांदा.

संयोगिता फोन कानाला घट्ट धरून तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली.