कंपासपेटीतली चिठ्ठी

"पाच वाजता पोरीचं नाव शिष्यवृत्तीतून काढणार आहेत," शिंपी म्हणाले. घाईत बोटातलं अंगुस्तान काढायचंही राहिलं होतं. "ती कॉपी करणारी नाही, साहेब. इंग्रजी तिला तिच्या आईनं शिकवलं. आता आई नाही."

खाजगी तपास करणारे नाना लगेच उठले. बहिणीचा नवरा, दाजी, सवयीप्रमाणे मागे निघाला. चार वाजले होते.

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी चिठ्ठी पुढे केली. वीस ओळी, प्रत्येकीत 'ना' किंवा 'क्रि'. पहिल्या तिन्ही 'ना'.

"अ‍ॅडव्हाइस नाम, अ‍ॅडव्हाइज क्रियापद. इफेक्ट नाम, अफेक्ट क्रियापद. असे वीस शब्द ओळखायचे होते. तिला वीसपैकी वीस. पेपरानंतर तिच्या कंपासपेटीत ही सापडली."

"पेपर आधी कोणी पाहिला होता?"

"कारकुनांनी टाइप केला. मी ओळींच्या पट्ट्या कापून दुसऱ्या कागदावर डकवल्या. शिपायानं माझ्यासमोर प्रती काढल्या."

"पोर अडकली," दाजी कुजबुजला.

"दाजी, जीभ जरा दातांखाली ठेवा."

नानांनी शिपाई आणि कारकून दोघांना वेगवेगळं विचारलं, पहिला शब्द कोणता?

"अफेक्ट!" शिपाई म्हणाला. "मशीनमध्ये कागद चारदा अडकला. पाठच झालाय."

"अ‍ॅडव्हाइस," कारकून म्हणाले. "मीच टाइप केलाय, चुकेन कसा?"

"तुमचं कोणी या वर्गात?"

"भाचा. दुसरा आलाय."

"पेपराआधीच्या सुटीत वर्गात गेला होतात?"

"बाकांवर नंबर चिकटवायला. त्यात काय एवढं?"

पाचला दहा कमी असताना सगळे मुख्याध्यापिकेच्या खोलीत जमले. मुलगी वडिलांना चिकटून उभी होती.

"दाजी, छापील पेपरातला पहिला शब्द?"

"अफेक्ट. म्हणजे क्रियापद."

"आणि चिठ्ठीत?"

"ना... अरे, हे तर चूक!"

"चिठ्ठी बघून लिहिलं असतं तर तिचा पहिलाच प्रश्न चुकला असता. चिठ्ठी पट्ट्या कापण्याआधीच्या क्रमानं आहे. बाईंनी तो क्रम मोडला, हे त्यांना ठाऊक होतं. शिपायानं नवाच क्रम पाहिला. ठाऊक नव्हतं फक्त टाइप करणाऱ्याला. सुटीत पेट्या बाकांवरच होत्या, कारकूनसाहेब."

कारकुनांनी हात जोडले. "भाच्याला बाप नाही हो..."

"म्हणून हिच्या गळ्याला सुरी?" नाना म्हणाले.

मुख्याध्यापिकेने नाव काढायचा कागद फाडला.

शिंप्यांना अजून नवल वाटत होतं. "वीसच्या वीस बरोबर, बाळा?"

"आई हे शब्द लिहून द्यायची ना. तुमच्या मापांच्या कागदांवर, मागच्या बाजूला."

शिंपी बोटातलं अंगुस्तान फिरवत राहिले.

"ते कागद दुकानात तसेच आहेत," ते म्हणाले. "मी कधी उलटून पाहिले नाहीत."