कालचा स्पंज

मावशी चर्च सजवायला सकाळी सातलाच आली. लग्न अकराला होतं आणि नवरी तिची भाची. बहीण गेल्यावर मावशीनंच तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांत फुलं खोचली, आज आपल्या पोरीच्या लग्नात काही उणं पडू द्यायचं नाही, असा तिचा हट्ट होता.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. फुलं खोचायचा हिरवा स्पंज तुकडाभर कमी पडला. मागच्या दाराशी कालच्या अंत्यविधीची पुष्पचक्रं टाकलेली होती. वापरलेला स्पंज पुन्हा घ्यायचा नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. तरी तिनं एका चक्रातला तुकडा उपसला. त्यावर बोटं रुतल्याचे चार खळगे होते. या स्पंजावर बोट दाबलं की खळगा कायमचा राहतो. उचलताना कुणी दाबला असेल, म्हणून तिनं तो नवरीच्या गुच्छात बसवला आणि गुच्छ घरी धाडून दिला.

नऊच्या सुमारास वास आला. कुजलेल्या देठांचा, पण त्यात काहीतरी गोडसर, घशाला चिकटणारं. तिनं एकेक फुलदाणी हुंगली. वास तिच्याच हातांना येत होता. नखांत तपकिरी बुळबुळीत काहीतरी अडकलं होतं. तीनदा साबण लावला तरी ते सुटेना, ताणलं की तार निघायची.

रखवालदार झाडू घेऊन आला. "कालच्या चक्रांना हात नाही ना लावलात?"

"का हो?"

त्यानं आवाज खाली आणला. "गेलेली बाई एकटीच राहायची. आठवड्यानं सापडली... पेटी बंदच ठेवली, तरी खालून गळत होती. चक्रं तिथंच टेकवलेली..."

मावशीनं घरी फोन लावला. कुणी उचलेना. स्वतःची अशी किळस तिला कधीच आली नव्हती. वेळ कशानं भागवावी याचंही भान राहिलं नाही, म्हणून तिनं स्वतःला शिव्या घातल्या.

नवरीची गाडी आली तशी ती धावली. दारातच तिनं भाचीच्या हातातला गुच्छ हिसकावला. पांढऱ्या लिलींच्या पाकळ्यांत तपकिरी शिरा चढल्या होत्या. दोन्ही हातांनी तिनं गुच्छ फोडून स्पंज बाहेर काढला. तो ओला, कोमट होता आणि चारी बाजूंनी सपाट. खळगे नव्हतेच.

"मावशी, हात सोड ना," भाची कळवळली. "किती घट्ट धरलायस..."

मावशीचे दोन्ही हात स्पंजावर होते. भाचीच्या पांढऱ्या हातमोज्यावर चार तपकिरी डाग हळूहळू ओले होत होते, आणि त्यांच्याखाली कापड आत दबत चाललं होतं.