पडद्यावरचे बावीस ठिपके

आईच्या छातीच्या चित्रात बावीस पांढरे ठिपके कुठून आले?

२०४३ साली आमच्या वाडीत स्तनांच्या कर्करोगाची तपासणी करणारी गाडी आली, तेव्हाची ही गोष्ट. गाडीतल्या यंत्रमानव बाईचं नाव नेमकी. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारावं लागेल. झालं!

मला गप्प बसवेना. ठिपके कसले, असं मी विचारलंच. नेमकीने न चिडता समजावलं. क्ष-किरण (डोळ्यांना न दिसणारे, शरीरातून पार जाणारे किरण) चरबीतून सहज जातात, तिथे चित्र काळसर येतं. कॅल्शियम (हाडांत आणि चुन्यात असणारा पदार्थ) त्यांना अडवतं, तिथे पांढरं. पलीकडच्या पाटीवर लाखो चित्रकण (चित्राचे बारीक चौकोन) असतात. आपल्यापर्यंत किती किरण पोचले, ते प्रत्येक चौकोन आकड्यात सांगतो. आकड्यांचंच चित्र बनतं, म्हणून ते हवं तेवढं मोठं करून बघता येतं. कॅल्शियमचे असे कण कधीकधी कर्करोगाची पहिली खूण असतात.

"राखेत कॅल्शियम असतं?" मी विचारलं.

आईने डोळे वटारले. सकाळी तिने देवीचा अंगारा कपाळाला लावला आणि छातीलाही चोळला होता. पावडर, मलम लावून येऊ नका, असं गाडीवाल्यांनी बजावलं होतं. पण अंगारा म्हणजे का पावडर, असं तिचं म्हणणं. वर मला तंबी, कुणाला सांगायचं नाही. मी सांगून टाकलं. घरी गेल्यावर मार बसला तरी चालेल, म्हटलं.

नेमकी हसली नाही. लाकडाच्या राखेत असतं, म्हणाली. ओल्या फडक्याने पुसून तिने पुन्हा चित्र घेतलं. एकवीस ठिपके गेले.

एक राहिला. तो आत होता, इतका वेळ त्या गर्दीत लपलेला.

मला रडूच फुटलं. डॉक्टरबाई पडद्यावर आल्या. त्यांनी सांगितलं की सुईने तिथला कण काढून तपासू, पुष्कळदा तसं काही निघत नाही, आणि निघालंच तरी इतक्या लवकर उपचार चांगले लागू पडतात.

आई पडद्याजवळ सरकून तो ठिपका बघू लागली.

"माझ्या आईची गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा कळली होती," ती म्हणाली. "हा तर मोहरीएवढासुद्धा नाही."

मग पदराने डोळे पुसून तिने डॉक्टरांना विचारलं, "सुईला उद्याच आले तर चालेल?"