अकराव्या हिवाळ्याचं कार्ड

टर्नबुल हिमनदीचा अकरावा हिवाळा मी पुसून टाकला.

छे, सुरुवात तिथून नको. एप्रिल संपत आलेली एक प्रसन्न सकाळ होती, आणि आम्ही तिघं युकॉनच्या डोंगरांत नखाएवढं एक मेमरी कार्ड आणायला निघालो होतो. हिमनदीच्या माथ्यावर एका खांबाला डेटालॉगरची पेटी बांधलेली. ते यंत्र दर तासाला थंडी, वारा आणि बर्फाची जाडी मोजून कार्डावर लिहायचं. भरलेलं कार्ड काढायचं, कोरं घालायचं, परत यायचं. एवढंच काम!

लोर्ना पेत्रुक आमची प्रमुख. दहा हिवाळ्यांच्या तिच्या नोंदीत एका तासाचाही खंड नव्हता. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला ती गेली नाही, कारण त्या दिवशी कार्ड बदलायचं होतं. वाटाड्या क्लेम साठी उलटलेला. आणि मी, रोरी, कामावर नवा, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर.

दोन दिवस स्कीवर चढलो. वाऱ्याने तंबूची एक बाजू फाडून नेली. तिसऱ्या दिवशी खांब दिसला! उणे अठरा. लोर्ना खांबाचे दोर तपासायला गेली आणि पेटी माझ्यावर सोपवली. जाड हातमोज्यांत कार्ड धरता येत नाही, खिशात ठेवलं तर हरवतं, म्हणून आमच्यात ते दातांत धरतात. मी भरलेलं काढलं, त्यावर 'अकरा' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि दातांत धरलं. कोरंही दातांतच धरलं.

क्लेम म्हणाला, "तोंडात अख्खा हिवाळा कोंबलायस, आणि नाश्त्याला म्हणे भूक नाही!"

मी हसलो. दोन्ही कार्डं बर्फात. उचलली तर दोन्ही सारखीच काळी, चिठ्ठी कुठेच नाही. मी नीट विचार करून त्यातलं एक यंत्रात घातलं. पडद्यावर बर्फ जमलं होतं, त्याखाली कसलासा प्रश्न होता. कोरं कार्ड घातलं की यंत्र काहीतरी विचारतंच. मी 'हो' दाबलं. मग पडदा पुसला.

'५,०८८ नोंदी पुसल्या.'

"झालं?" लोर्नाने लांबून विचारलं.

"झालं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"ओठाला काय चिकटलंय रे तुझ्या?"

चिठ्ठी होती. मी ती गिळली.

उरलेलं कोरं कार्ड लोर्नाने डबीत घातलं आणि डबी छातीशी ठेवली. उतरताना ती दोनदा म्हणाली, "छान काम केलंस, रोरी." मला वाटलं, आता हिमनदीने तोंड उघडावं. तिने उघडलं! पण चुकीच्या माणसाखाली.

बर्फ खचलं. लोर्ना कमरेपर्यंत आत! दोर ताणला. क्लेम पालथा पडला. मी बर्फकुऱ्हाड रोवली. ओढ! ओढ! ती वर आली. पण डबी सुटली आणि पाच मीटर खाली, भेगेतल्या एका कंगोऱ्यावर जाऊन बसली.

"मला खाली सोडा," लोर्ना म्हणाली.

"वेड लागलंय का? कड करकरतेय, ऐक जरा!" क्लेम ओरडला.

"अकरा हिवाळ्यांची सलग नोंद आहे, क्लेम!" ती दोर बांधून कडेला उभीसुद्धा राहिली.

"लोर्ना, ते कार्ड कोरं आहे," मी म्हणालो.

"काय?"

"भरलेलं मी पुसलं. चिठ्ठी माझ्या पोटात आहे."

ती वळली. मला नीट बघायला दोन पावलं माझ्याकडे आली. आणि कड कोसळली! डबी, कंगोरा, ती उभी होती ती जागा, सगळं गेलं. खालून आवाज यायला बराच वेळ लागला.

क्लेमने दोर गुंडाळायला घेतला.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. फाटक्या तंबूत तिने आपल्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी ती मान खाली घालून खाल्ली. वर बघायची सोय नव्हती. मग तिने पिशवीच्या तळातून एक छापील कागद काढला.

"नोंदीत खंड पडल्याचा अर्ज. दर वर्षी बरोबर आणते," ती म्हणाली. "दहा वेळा कोराच परत नेलाय. भर."

'कारण' या रकान्यात पर्याय होते: अस्वल, वीज, हिमकडा, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं. शेवटचा रकाना 'अपेक्षित कार्यवाही' असा होता. तो मी असा भरला:

'सबब विनंती की, दि. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा हिवाळा, त्याच वाऱ्यासह, त्याच थंडीसह व त्याच क्रमाने, टर्नबुल हिमनदीवर पुन्हा एकवार पाडण्यात यावा. अर्जदार संपूर्ण कालावधीत हातमोजे काढून जागेवर हजर राहील.'