पुढच्या चाकांची पेटी

ती १९७४ सालची मोठी सुट्टी. ठिणगीला तेव्हा तेरावं लागलं होतं, आणि त्या सुट्टीत तिच्या नखांतलं ग्रीस काही केल्या निघालं नाही.

"ताई, हा बोल्ट कुणाचा?" जीपखालून गोटीचा आवाज आला. गोटी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो प्रश्नांतच बोलायचा.

"रंग बघ की, बावळटा!"

"निळा."

"मग माझा!" वकील ओरडला. "परक्याच्या मालमत्तेला हात लावणं हा गुन्हा आहे!" वकील म्हणजे चुलतभाऊ. जेवायला बसण्यावरूनही तो वाद घालू शकत असे.

जीप आजोबांची. टेलिफोनचे खांब टेकडीवर नेता नेता त्यांनी ती म्हातारी केली होती. मग एक खांब त्यांच्या पायावर पडला, गुडघा कायमचा ताठला, आणि जीप घरामागच्या शेडमध्ये जाऊन बसली. इतकी वर्षं, की तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या!

टेकडीच्या माथ्यावर हवामानकेंद्र होतं. तिथले हवामानवाले आजोबा म्हणजे आजोबांचे जिवलग मित्र. दोघं फोनवर बुद्धिबळ खेळत आणि पट दिसत नसल्यामुळे दोघंही बिनदिक्कत लबाडी करत. पण ही सुट्टी संपली की हवामानवाले कायमचे लेकीकडे जाणार होते. त्याआधी आजोबांना एकदा वर नेऊन समोरासमोर डाव मांडून द्यायचा होता. वरचा रस्ता खडीचा, शेवटचा चढ भिंतीसारखा उभा. चारही चाकं जोर लावतील तरच गाडी चढायची. म्हणून हा सगळा खटाटोप!

खटाटोपाचा म्होरक्या होता धाकटा काका. त्यानेच मुलांना गंज घासायला शिकवलं, पाना कुठल्या बाजूने धरायचा ते दाखवलं. न्हाव्याकडची मोडीत निघालेली खुर्ची आणून तिचा फिरता पाया पुढच्या सीटखाली बसवला. आता सीट दाराकडे वळायची आणि ताठ गुडघ्याचे आजोबा अलगद आत! खाली एक बुटकी पायरीही जोडली. ठिणगीला तो 'उस्ताद' म्हणायचा. काकाने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं, तर तिने खिडकी बदलली असती.

कामाचा नियम मात्र आजोबांचा, त्यांच्या खांबवाल्या टोळीतला. ज्याने सोडलं, त्यानेच जोडायचं! भाग सोडला की त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिणगीचा नारिंगी, वकिलाचा निळा, गोटीचा पिवळा. गिअरबॉक्सच्या मागे एक छोटी जड पेटी असते. इंजिनाची ताकद ती पुढच्या चाकांनाही पोचवते. ती पेटी ठिणगीने सोडली होती. काका नुसता शेजारी बसून होता.

आणि एके दिवशी काका म्हणाला, "आज सुट्टी! जा, तळ्यावर डुंबून या."

मुलं ओल्या केसांनी परतली, तर पेटी बसवलेली! वर चकचकीत काळा रंग.

"काका! ती मी सोडली होती!"

"अगं उस्ताद, तेवढंच तुझं काम हलकं केलं. रुसतेस काय?"

ठिणगी रुसली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने पुढची चाकं जोडणारा, सीटशेजारचा आखूड दांडा ओढला. एरवी तो दोन्ही हातांनी ओढावा लागे. आज रिकाम्या पातेल्यात डाव फिरावा तसा फिरला.

"जुनं झालंय गं," काका तिच्याकडे न बघता म्हणाला.

ती जीपखाली सरकली. तिचा ठिपका खालच्या बोल्टाशी, काळ्या रंगाचा मोठा ब्रश पोचणार नाही अशा बेचक्यात होता. तिथे काहीच नव्हतं! शेजारचा काळा रंग नखाने खरवडला, तर खालून हिरवा निघाला. आजोबांच्या जीपला जन्मात कधी हिरवा रंग लागला नव्हता.

"ही आपली पेटी नव्हेच," ती बाहेर येऊन म्हणाली. "कुणीतरी बदललीय!"

"कुणीतरी?" वकिलाने भुवई उडवली. "बसवली कुणी?"

"काकाला फसवलं असेल कुणीतरी!" ठिणगी अशी उसळली, की वकील दोन पावलं मागे सरला.

अशीच दुसरी जीप गावात एकाकडेच होती, काकाच्या दोस्ताकडे, मिशीवाल्या गॅरेजवाल्याकडे. तिघं तिकडे निघाली. हिरवीची लालभडक केलेली त्याची जीप दारातच उभी होती. चढाच्या शर्यतीची जय्यत तयारी!

"कशी चढणार ही?" वकिलाने सुरुवात केली. "परवापर्यंत हिची पुढची चाकं फिरत नव्हती म्हणे."

"आता फिरतात!" मिशीवाल्याने मिशीला पीळ भरला.

इतक्यात गोटीचा चेंडू 'चुकून' जीपखाली गेला आणि तो आणायला ठिणगी. तिने मान वर केली. बेचक्यात, खालच्या बोल्टाशी, नारिंगी ठिपका!

वर मिशीवाला सांगतच होता, "आणि शर्यतीत माझ्या शेजारी कोण बसणार, ठाऊक आहे? तुमचा काका! पेटी त्यानंच आणून दिली. त्याशिवाय कोण बसवतो शेजारी!"

ठिणगी तशीच पडून राहिली. चेंडू हातात होता, पण बाहेर यावंसं वाटेना. दुसरा कुणी चोर असता तर तिने आरडाओरडा केला असता. काकाच्या नावाने ओरडायचं कसं?

तिघं घराकडे निघाली. घर दिसायला लागलं तसा वकील हळूच म्हणाला, "आजोबांना सांगू या?"

"नको," ठिणगी म्हणाली. "काका हसून म्हणेल, पोरांना भास झाला. त्याच्याच हाताने दाखवू दे."

रविवारी दुपारी तिने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. आजोबा, आई, शेजारीपाजारी, आणि खास आमंत्रण मिशीवाल्याला! मुलांनी जॅक लावून जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. चारही चाकं अधांतरी.

"काका, चारही चाकं फिरवून दाखव ना!"

काकाचं हसू ओठांवरच वाळलं. "उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

"फिरव," आजोबा म्हणाले.

इंजिन धडधडलं. काकाने आखूड दांडा ओढला. मागची चाकं गरागरा फिरू लागली. पुढची जागची हललीसुद्धा नाहीत!

"काका, पुढची झोपली का रे?" गोटीने विचारलं.

कुणी हसलं नाही. मिशीवाला दाराकडे सरकू लागला. पण तिथे वकील दोन्ही हात पसरून उभा. "साक्षीदारानं न्यायालय सोडू नये!"

"आपली पेटी यांच्या लाल जीपमध्ये आहे, आजोबा," ठिणगी म्हणाली. "माझा ठिपका आहे तिच्यावर. ही यांची मोडकी."

काकाने इंजिन बंद केलं. "बाबा, शर्यत झाली की परत बसवणारच होतो मी..."

"आणि परवा मला वर नेणार होतास, त्याचं काय?"

"अर्ध्या वाटेवर सांगणार होतो, इंजिन तापलं म्हणून." काकाची मान खाली गेली. "तुम्हाला कुठे कळणार होतं..."

आजोबा काठीची मूठ चोळत राहिले. ठिणगीला वाटलं, त्यांनी काठी आपटली असती तर बरं झालं असतं.

"मला कळलं असतं," ती म्हणाली. "तू मला शिकवलंस, काका. मला कळणार नाही असं तुला वाटलंच कसं?"

काका जीपमधून खाली उतरला.

"नियम तो नियम," शेवटी आजोबा म्हणाले. "ज्याने सोडलं, त्याने जोडायचं. लाल जीपची पेटी तू सोडशील, इथे तूच जोडशील. आणि तपासणार ही."

काकाने लाल जीपची पेटी सोडून आणली, मिशीवाला मुकाट्याने बघत राहिला. त्याची शर्यत बुडाली. काका जीपखाली आडवा झाला आणि ठिणगी पाने देत बसली. "उस्ताद, मोठा पाना दे," तो दबकत म्हणाला. तिने पाना दिला. उत्तर दिलं नाही. एक बोल्ट तिला सैल वाटला, तो तिने बोटानेच दाखवला. काकाने पुन्हा आवळला.

ठरल्या दिवशी जीप आईने चालवली, कारण लग्नानंतर आजोबांनीच तिला ती चालवायला शिकवलं होतं. "माझ्या सुनेला चढ घाबरतो!" आजोबा ओरडले. काका मागे, डब्यापाण्यात अंग चोरून बसला होता. शेवटच्या चढावर खडी उडाली, जीप घसरली, ठिणगीने मागून वाकून दोन्ही हातांनी आखूड दांडा ओढला, आणि पुढच्या चाकांनी दात रोवले!

वर आजोबांची सीट गर्रकन दाराबाहेर वळली. हवामानवाले बघतच राहिले. "अरे, दाढी करायला आलास की काय?"

"तुझी लबाडी पकडायला आलोय! पट काढ!"

हवामानवाल्यांनी तिन्ही मुलांना वाऱ्याचं यंत्र फिरवायला दिलं. "तुझ्यापेक्षा नातवंडं हुशार निघाली," ते म्हणाले. "मी नुसता नियम सांगितला, पाळला या तिघांनी," आजोबा म्हणाले. सगळ्यांसमोर त्यांनी आपली खांबवाली पक्कड ठिणगीच्या हातात ठेवली.

हवामानवाले लेकीकडे गेले. फोनवरचा डाव चालूच राहिला. आजोबा वारले तेव्हा चाल त्यांची होती. हवामानवाल्यांनी तो पट अखेरपर्यंत मोडला नाही. मिशीवाल्याने पुढे गॅरेज विकून सायकलींचं दुकान काढलं. वकील काही वकील झाला नाही, जनावरांचा डॉक्टर झाला. म्हणायचा, पेशंट उलटून बोलत नाहीत. गोटी शिक्षक झाला आणि आता दुसऱ्यांचे प्रश्न झेलतो. ठिणगीने आपली कार्यशाळा काढली. तिथल्या प्रत्येक सुट्या भागावर कुणाच्या तरी रंगाचा ठिपका असे.

काका तिला उस्ताद म्हणतच राहिला. ती 'ओ' देत नसे.

पुढे त्याचेही गुडघे गेले. एका सकाळी ठिणगीने जीप त्याच्या दाराशी नेली आणि न्हाव्याची सीट बाहेर वळवली. तो काही न विचारता बसला. चढाच्या पायथ्याशी त्याने हात पुढे करून आखूड दांडा ओढून पाहिला. दोन्ही हात लावावे लागले.

"घट्ट आहे गं अजून!"

"असणारच," ठिणगी म्हणाली. "पेटी तू जोडली होतीस ना."